सड्यावरचं पाणी जातं कुठे?

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मे महिन्यात त्याच जिल्ह्यातल्या वाड्यांवर टँकर फिरतात. यात पावसाला दोष देता येत नाही. जमिनीखाली बघावं लागतं.

गावामागचा सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. चिऱ्याचा तुकडा हातात घेतला की त्यातली भोकं नुसत्या डोळ्यांना दिसतात. पावसाचं पाणी या भोकांतून, भेगांतून झरझर खाली उतरतं. जांभ्याखाली मात्र मऊ, चिकणमातीसारखा थर असतो आणि त्याखाली काळा पाषाण. तिथे पाणी अडतं, मग आडवं सरकू लागतं आणि सड्याच्या कडेला, उतारावर, झरा होऊन बाहेर पडतं. जुन्या वाड्या आणि विहिरी बहुधा याच पट्ट्यात का सापडतात, ते निराळं सांगायला नको. अडचण एवढीच की जांभा पाणी जितक्या सहज घेतो, तितक्याच सहज सोडतो. गणपतीत खळाळणारा पऱ्या दिवाळीनंतर बारीक होतो आणि शिमग्यापर्यंत बऱ्याचदा आटलेला असतो.

नद्यांनाही फार वाव नाही. काजळी, शास्त्री, मुचकुंदी सह्याद्रीत उगम पावतात आणि शंभर किलोमीटरच्या आतच समुद्राला मिळतात. त्यातला शेवटचा टप्पा खाडीचा, म्हणजे भरतीबरोबर खारा होणारा.

वाशिष्ठीची गोष्ट वेगळी. कोयना खरं तर कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारी नदी. तिचं धरणात अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरवून वीज काढतात. कोळकेवाडीला पुन्हा अडवून पुन्हा वीज, आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी मंजूर केलं होतं. भर उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहती दिसते ती या परक्या पाण्यावर. ते चिपळूण ओलांडून दाभोळच्या खाडीत जातं. डोंगरावरच्या वाडीला मात्र पंपाशिवाय त्यातला हंडाभरही मिळत नाही.

तिथे उपयोगी पडतो वनराई बंधारा. पाऊस थांबला की सिमेंटच्या रिकाम्या गोणी माती-वाळूने भरून पऱ्यात आडव्या रचायच्या. साठा थोडाच होतो, पण आजूबाजूच्या विहिरींची पातळी टिकते आणि गुरांची सोय होते. पुढच्या पावसात तो वाहून जातो, म्हणून काम दरवर्षीचं. ते पऱ्याला धार असतानाच उरकावं लागतं. पुढे अडवायला पाणीच उरत नाही. आणि जागा झऱ्यांच्या पट्ट्याखालची निवडावी. उघड्या जांभ्यावर अडवलेलं पाणी त्याच भोकांतून निघून जातं.