जुन्या संगणकांतील देवनागरी संहिता आणि मेमरी कार्ड

१९९० नंतरच्या काही वर्षांत डॉस प्रणालीच्या संगणकांवर उतरविलेल्या मराठी शब्दसूची व बोलीनमुने आज वाचावयाचे झाल्यास पहिली अडचण यंत्राची येते. हार्ड डिस्क जीर्ण झालेली असते, फ्लॉपीचा भरवसा नसतो. ही अडचण मात्र वाटते तितकी दुस्तर नाही. सॅनडिस्कने १९९४ मध्ये आणलेल्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डात आयडीई हार्ड डिस्कप्रमाणे वागण्याची सोय मुळातच आहे. त्यामुळे कार्डाच्या ५० पिना डिस्कच्या केबलमधील ४० पिनांशी जुळवून देणारा साधा अडॅप्टर पुरतो. एसडी कार्डाची बोली निराळी; तेथे दुभाषी चिप अटळ होय.

आकारमान मात्र पाहावे लागते. १०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर एवढेच मोजणाऱ्या बायोसला, सेक्टर ५१२ बाइटांचा धरता, ५२,८४,८२,३०४ बाइटांपलीकडचे दिसत नाही. म्हणून कार्ड लहान घ्यावे, ते दुसरी डिस्क म्हणून जोडावे आणि त्याचे विभाग त्याच जुन्या यंत्रावर पाडावेत. त्या वेळी चुकून मूळ डिस्क निवडली गेल्यास सारी संहिता हातची जाते.

परंतु बाइट हाती आले म्हणजे अक्षरे हाती आली असे नव्हे. कानपूरच्या आय.आय.टी.त आरंभ झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेले जिस्ट कार्ड ज्या संगणकात असे, तेथे मजकूर इस्की संकेतात साठविला जाई. हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून निश्चित झाला. पेण तालुक्यातील, गणेशमूर्तींसाठी ओळखले जाणारे 'जोहे' हे ग्रामनाम उदाहरणार्थ घ्यावे. इस्कीत ते १८६, २२९, २१६, २२५ असे नोंदले जाते. जिस्ट कार्ड नसलेल्या, अमेरिकन संकेतपटाच्या डॉस संगणकावर त्याच चार अंकांतून दुहेरी उभी रेघ, ग्रीक सिग्मा, रेघांची एक फुली आणि जर्मन एस्झेट उमटतात! युनिकोडमध्ये तेच नाव २३३२, २३७९, २३६१, २३७५ होते. युनिकोडची देवनागरी मांडणी १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली असल्याने हे रूपांतर बहुतांशी सरळ होते. मात्र बंगाली वा गुजराती 'ज'चाही इस्की अंक १८६ च असल्याने फाइल कोणत्या लिपीची, हे नोंदून ठेवणे अगत्याचे आहे.

खरी गुंतागुंत फॉन्टनिष्ठ फायलींची आहे. त्यांत अंक वर्णाचा नसून आकाराचा असतो: काना निराळा, अर्धे अक्षर निराळे, आणि प्रत्येक फॉन्टची कोष्टके आपापली. यास्तव मजकुराच्या फायली उतरविताना त्या यंत्रावरील फॉन्टच्या फायलीही त्याच कार्डावर घ्याव्यात.