हजेरी गेली, नजर उरली!

खाकी टोपी दिसली, की आपल्यासारख्या पांढरपेशा माणसाचा हात नकळत खिशाकडे जातो. गुन्हा केलेला नसतो. पण गाडीचा परवाना घरी राहिलेला असतो! पासपोर्टच्या चौकशीला शिपाई दारात आला, की शेजारची दारे किलकिली होतात आणि घरातल्या बाई चहाचे आधण ठेवता ठेवता पुटपुटतात, "आता सगळ्यांना खुलासा देत बसा!" आपला पोलिसांशी संबंध बहुधा एवढाच. पण ज्यांना रोज पोलिसांपुढे उभे राहावे लागे, अशीही माणसे याच महाराष्ट्रात होती.

नगरहून सोलापूरला जाताना कर्जत तालुक्यातले मिरजगाव लागते. या कोरडवाहू टापूत पारध्यांची पाले जुनी. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ साली त्याची व्याप्ती वाढवली. विशिष्ट जमातीत जन्मला, एवढ्यावरून माणसाचे नाव नोंदले जाई, बोटांचे ठसे घेतले जात, हजेरी लागे. परगावी जायचे तर परवानगी हवी. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मात्र १९१८ सालीच आपल्या संस्थानातली हजेरी बंद केली. देशातून हा कायदा गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी.

मिरजगावच्या एस.टी. थांब्यावर एका वृद्ध पारधी गृहस्थांशी माझे बोलणे झाले.

"बाबा, आता हजेरी तर नाही ना?"

"हजेरी गेली, भाऊ. पर चोरी झाली की पयली गाडी आमच्याच पालावर येती."

समोरच्या दुकानावरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून मी विचारले, "आणि हा?"

ते हसले. "त्यो बरा! त्यो समद्यांकडं सारखाच बघतो."

या उत्तराने मी विचारात पडलो. कॅमेरा सारखा बघतो खरा. पण त्याने टिपलेले पाहणारा माणूस सारखाच बघतो का?

खडकसिंगाची गोष्ट या संदर्भात आठवण्याजोगी आहे. उत्तर प्रदेशातला हा इसम दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला. तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावीत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे दार ठोठावणे बेकायदा ठरवले. पण घरावर गुपचूप पाळत ठेवण्यास हरकत घेतली नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगायला २०१७ साल उजाडले! पुढे २०२० च्या डिसेंबरात त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसमोरसुद्धा, कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. पहारेकऱ्यावरही पहारा हवाच की!

पोलीस नकोत, कॅमेरे नकोत, असे कोणीच शहाणा म्हणणार नाही. रात्री उशिरा परतणाऱ्या लेकीची वाट पाहणाऱ्या आईला चौकातला कॅमेरा आधारच वाटतो. पण आपल्या इमारतीत तो बसवताना तीन प्रश्न अवश्य विचारा: चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि कोणाला देणार? आणि चौथा प्रश्न स्वतःच्या मनाला विचारा: घरातली वस्तू हरवली, की आपली नजर प्रथम कोणाकडे वळते? कामवाल्या बाईकडेच ना?

कायद्यातली हजेरी १९५२ साली संपली. मनातली हजेरी बंद करायला मात्र कोणत्याही न्यायालयाचा हुकूम लागत नाही.