केबलची पिन आपणच बसवू या

मैत्रिणींनो, मागच्या पावसाळ्यात मी पुण्याला सदाशिव पेठेत नणंदेकडे गेले होते. टीव्हीवर 'सिग्नल नाही' असं येत होतं. वन्सं म्हणाल्या, "माणसाची दोन दिवस वाट पाहायची, आणि काम पाच मिनिटांचं!" मग त्यांनी जवळच्या तपकीर गल्लीतून फिरवून बसवायची पिन आणली आणि माझ्याच हातून बसवून घेतली. तेच इथे सांगते.

आधी केबल समजून घ्या. मधोमध तांब्याची तार, तिच्यावर पांढरा फोम, मग चंदेरी कागद, त्यावर जाळी आणि सगळ्यात वर काळं आवरण. मधल्या तारेतून सिग्नल येतो. जाळी बाहेरचा अडथळा थोपवते. या दोघींची भेट होता कामा नये. डिशच्या केबलमधून वर छत्रीकडे १३ किंवा १८ व्होल्ट वीजही जाते. जाळीचा एक केस जरी तारेला टेकला, तरी शॉर्ट होतो.

आता काम :

१. बॉक्सचा प्लग बोर्डातून काढा. नुसता रिमोटने बंद करून चालत नाही.

२. खराब टोक सरळ कापून टाका.

३. टोकापासून साधारण १५ मिलिमीटर काळं आवरण काढा. सुरी हलक्या हाताने फिरवा, जाळी तुटू देऊ नका.

४. जाळी मागे, काळ्या आवरणावर दुमडा.

५. टोकाकडचा ८ मिलिमीटर फोम कागदासकट काढा. तारेला चीर पडली तर ती पुढे तुटते, मग पुन्हा पहिल्यापासून.

६. पिन दाबून उजवीकडे फिरवत बसवा. आत पाहिलं की पांढरा फोम पिनीच्या तळाशी बरोबर टेकलेला दिसायला हवा. तार पिनीच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवा, जास्तीची कापा.

७. जाळीचा केस तारेजवळ नाही ना, ते उजेडात बघा. मग पिन बॉक्सला हातानेच आवळा.

बाहेरच्या जोडावर रबरी टेप गुंडाळा. जोडाच्या अलीकडे केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, पिनीत शिरत नाही.

पावसात, विजा चमकताना छपरावर मात्र कुणी चढायचं नाही. छत्रीचं काम माणसालाच द्या.

पुढच्या बैठकीला केबलचा जुना तुकडा आणा. एकीने करून दाखवा, बाकीच्यांनी हात चालवा. एकदा जमलं की जमलंच!