परसबागेचं लाकडी कुंपण : खांब रोवताना



उसाच्या सबंध फडाला लाकडी कुंपण करणं कुणाला परवडणार? पण घरामागच्या परसबागेला, चार वांगी-मिरच्यांना, ते हवंच. २०२१ साली आम्ही बाभळीचे खांब रोवले. दीड फूट खड्डा, खांब उभा, निघालेली काळी माती परत आत, वरून दोन लाथा. झालं कुंपण! पुढच्या उन्हाळ्यात जमीन भेगाळली आणि खांबांभोवती बोट जाईल एवढी फट पडली. मृगाचं पाणी त्या फटीतून थेट बुडाशी. पोळ्याच्या आधी शेजाऱ्यांच्या म्हशीनं अंग घासलं अन् तीन खांब आडवे. सगळी मिरची गेली, आणि शेजाऱ्यांशी दोन महिने बोलणं बंद. म्हशीचा काय दोष!

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तीच पुन्हा भरली तर खांब हलणारच. म्हणून ती बाजूला टाकावी व मुरूम आणावा. जमिनीवर ४ फूट खांब हवा तर आत २ ते २॥ फूट घ्यावा. खड्डा खांबाच्या तिप्पट रुंद. तळाशी ६ इंच खडी, म्हणजे पाणी झिरपून जाईल. खांब ओळंब्यात धरून मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर द्यावेत, प्रत्येक थर किंचित ओला करून पहारीच्या बोथट टोकानं चोपावा. इथं कंटाळा नको. एकदम लोटलेला मुरूम वरून घट्ट दिसतो, आत पोकळच राहतो.

काँक्रीट फाटकाच्या आणि कोपऱ्यांच्या खांबांना पुरे. बुडाखाली मात्र त्याची वाटी करू नये. पाणी साचून लाकूड कुजतं. बूड खडीवर मोकळं, काँक्रीट फक्त भोवती, त्याचा माथा जमिनीच्या २ इंच वर आणि बाहेर उतरता. कोपऱ्याच्या खांबाला आतून तिरका टेकाही द्यावा.

खांब कुजतो तो बहुधा जमिनीलगत, कारण तिथं ओल आणि हवा दोन्ही. साल काढून, बाहेरचं पांढरं लाकूड तासून (वाळवी आधी तेच खाते) तांबूस गाभा ठेवावा. पुरता वाळल्यावरच बुडापासून जमिनीवर सहा इंचांपर्यंत डांबर लावावं. ओल्या लाकडाला लावलं तर ओल आतच कोंडते.

आमचं दुसरं कुंपण असं केलं. गेल्या पावसाळ्यात शेजारीच खड्ड्याचं माप विचारायला आले. जाताना आमची पहारही घेऊन गेले; ती अजून परत यायची आहे.