मिलिटरीचा जुना ट्रक स्वस्तात मिळतोय? नंबर मागण्याआधी हे वाचा

‘आर्मीचा ट्रक, फोर बाय फोर, किंमत ऐकून हादराल!’ असलं रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. खाली कमेंटमध्ये नायगाव, बिलोली, देगलूर, अहमदपूरचे लोक ‘नंबर द्या भाऊ’ म्हणून मागे लागलेले.

त्यात नवल काहीच नाही. आपल्याकडची काळी जमीन पावसात अशी चिकटते की ट्रॅक्टरसुद्धा फसतो. सोयाबीन काढायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडली की माल डांबरी रस्त्यापर्यंत आणायचा कसा, हा प्रश्न. तिथं चारही चाकं ओढणारी गाडी कुणाला नको?

तर आधी या गाड्या कोणत्या ते बघू. सगळ्यात जुना शक्तिमान. जर्मनीच्या मॅन कंपनीचं डिझाइन, जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात १९५९ पासून १९९६ पर्यंत बनला. (ट्रक बंद झाला आणि पुढच्याच वर्षी टीव्हीवर दुसरा शक्तिमान आला, तो योगायोग!) त्याची जागा घेतली अशोक लेलँडच्या स्टॅलियननं. कच्च्या रस्त्यावर ५ टन, पक्क्यावर ७.५ टन असा त्याचा हिशोब. त्याहून लहान म्हणजे टाटाचा अडीच टनी.

आता मुद्द्याचं. हे ट्रक कुणी जवान फोनवर विकत नाही. लष्कराच्या निकाली गाड्या लिलावात जातात, आणि ऑनलाइन लिलावाचं मोठं काम एमएसटीसी ही सरकारी कंपनी बघते. खरेदीदार म्हणून नोंदणी करायची, अनामत भरायची, मग बोली. ‘जसं आहे, जिथं आहे’ ही अट असते, म्हणजे इंजिन जाम निघालं तरी तक्रार चालत नाही. ‘मी फौजी आहे, बदली झाली, गेटपासचे पैसे आधी टाका’ म्हणणारा, ओळखपत्राचा फोटो पाठवणारा माणूस भेटला तर तो नक्कीच ठग. या पद्धतीनं देशभर लोक फसले आहेत.

लिलावातून घेतला तरी अर्धी लढाई आरटीओत. लष्कराच्या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली वेगळी होते. गाडी सरकारच्या मालकीतून सुटली की तिला तुमच्या-आमच्यासारखी नोंदणी लागते, नांदेडकरांना एमएच २६. विक्रीची मूळ कागदपत्रं नसतील तर गाडी शेतातच उभी राहणार. त्यात १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांना पुन्हा नोंदणी नाही, त्या भंगारात काढायच्या. सूट आहे ती चिलखती आणि तसल्या खास लष्करी गाड्यांना. म्हणून लॉट चालवायला विकलाय की भंगार म्हणून, ही ओळ दोनदा वाचा. वय ओळखायला एक खूण आहे: लष्करी नंबरात बाणानंतरचे दोन आकडे वर्षाचे असतात.

आणि हो, तो हिरवा रंग ठेवता येत नाही. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१. रील बनवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

आता देखभाल. या गाड्या पळालेल्या कमी आणि उभ्या जास्त असतात. किलोमीटर बघून खूश होऊ नका. उभ्या गाडीत रबर मरतं: ब्रेकचे होज, ऑइल सील, टायर. टायरची नक्षी नवी दिसेल, पण बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१० म्हणजे २०१० सालचा तेविसावा आठवडा. तसला टायर भरलेल्या गाडीखाली कधी फुटेल सांगता येत नाही. डिझेलची टाकी उतरवून धुवायचीच. तळाचा गंज आणि गाळ पंप-नोझलपर्यंत गेला तर खर्च कितीतरी पटीनं वाढतो. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. सगळी तेलं बदला, पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं आणि ट्रान्सफर केसचंही. जुन्या तेलात पाणी मिसळलं असेल तर ते दुधाळ दिसतं, मग आतले बेअरिंग तपासल्याशिवाय गाडी हलवू नका.

पुढचा ॲक्सल ही यातली खरी वेगळी गोष्ट. साध्या ट्रकला तो ओढत नाही, त्यामुळे त्याचे सांधे खोलायची सवय प्रत्येक गॅरेजवाल्याला असेलच असं नाही. रबरी बूट फाटला की चिखल ग्रीसमध्ये जातो आणि सांधा खातो.

शिवाय अशा ट्रकमध्ये डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून पळवायचं नसतं. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, चिखलात ती घसरून जुळवून घेतात, डांबरावर तो सगळा ताण गिअरवर येतो. नायगावातून नांदेडच्या रस्त्याला लागलात की आधी पुढचा ॲक्सल सोडा, मग वेग घ्या.