मुलाखतीची तयारी : गोळी नको, सराव हवा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. रात्री नऊच्या सुमारास दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात दोन मुले तिसऱ्याला दोन्ही बाजूंनी धरून आत आली. मुलगा एकवीस-बावीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा. धाप लागलेली, एक वाक्य सलग बोलता येत नव्हते. स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही छात्यांत शिट्ट्या वाजत होत्या. ताबडतोब वाफेचे औषध सुरू केले. पण नेहमी पंधरा-वीस मिनिटांत पडणारा उतार पडेना.

"काही औषध घेतले होते का?" मी विचारले.

सोबतच्या मित्राने खाली मान घालून खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. प्रोप्रॅनोलॉल, ४० मिलिग्रॅम. "उद्या सकाळी दहा वाजता याचा इंटरव्ह्यू आहे जी. थे गोळी घेतली का छाती धडधडत नाही म्हणून सांगतलं होतं कोणीतरी."

मुलाला लहानपणी दमा होता. ते गोळी देणाऱ्याने विचारले नव्हते, घेणाऱ्यालाही सांगावेसे वाटले नव्हते. खबरदारी म्हणून त्याला मेडिकलला पाठवले. रात्रभर तो देखरेखीखाली राहिला आणि सुखरूप घरी आला. पण जी मुलाखत चांगली व्हावी म्हणून गोळी घेतली, ती मुलाखतच हुकली.

दरवर्षी महाविद्यालयांत मुलाखतींचा हंगाम सुरू झाला की माझ्या दवाखान्यात असे विद्यार्थी येऊ लागतात. कोणाला जुलाब, कोणाला झोप नाही, कोणाच्या हाताला घाम. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडून नागपूरला शिकायला आलेली, खोली करून राहणारी ही मुले. घरी सर्वांचे डोळे त्यांच्या नोकरीकडे लागलेले असतात. म्हणून आजचा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी.

धडधड का होते?

संकट समोर दिसले की आपले शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोराने धावते, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो, पोटात कालवाकालव होते. थोड्या वेळाने कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरकही वाढते. वाघ समोर आला तर हे सारे उपयोगाचे. मुलाखत घेणारे तीन सभ्य गृहस्थ समोर असतात तेव्हाही शरीर तेच करते. तेव्हा धडधड हा हृदयाचा रोग नाही आणि भित्रेपणाचे लक्षणही नाही. थोडी धडधड तर माणसाला सावध ठेवते. ती हाताबाहेर गेली की काम बिघडते.

मुलाखतीचा ताण किती खरा असतो हे एका प्रयोगावरून दिसते. १९९३ साली जर्मनीतील ट्रियर विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत ताण निर्माण करून मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी साप किंवा विजेचा झटका निवडला नाही, तर नोकरीची मुलाखत निवडली! उमेदवाराने परीक्षकांसमोर उभे राहून पाच मिनिटे 'या जागेसाठी मीच योग्य कसा' हे सांगायचे. मग पाच मिनिटे १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचे, चुकले की पुन्हा १०२२ पासून सुरुवात. परीक्षकांनी चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचे नाही. एवढ्याने लाळेतील कॉर्टिसॉल दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढले.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. १९९५ मध्ये याच पद्धतीने २० पुरुषांची परीक्षा पाच वेळा घेण्यात आली. त्यांतील बहुतेकांच्या शरीराने पहिल्या वेळेनंतर तेवढी घबराट दाखवली नाही. काही जणांची मात्र कायम राहिली. याचा अर्थ, बहुतेकांचे शरीर सरावाने शहाणे होते. मात्र सराव खऱ्या परीक्षेसारखा हवा, माणसांसमोर उभे राहून केलेला.

पाठ केलेले का विसरते?

आठवड्याने तो मुलगा तपासणीसाठी आला तेव्हा सोबत एक वही होती. चाळीस प्रश्न आणि त्यांची चाळीस उत्तरे, सुवाच्य इंग्रजीत लिहिलेली. मी सहज म्हणालो, "सांग बेटा, स्वतःविषयी सांग." तो ताठ बसला आणि घडाघडा बोलू लागला. चौथ्या वाक्याला अडखळला आणि थांबला. "पुढचं आठवून नाही राहिलं, डॉक्टरसाहेब."

असे का होते? कॉर्टिसॉल वाढलेले असताना साठवलेली गोष्ट बाहेर काढणे कठीण जाते, हे २००० साली स्वित्झर्लंडमधील एका प्रयोगात दिसले. आदल्या दिवशी शिकलेले शब्द आठवायच्या तासभर आधी निरोगी माणसांना कॉर्टिसोनची गोळी दिली, तर त्यांना कमी शब्द आठवले. शब्दशः पाठ केलेले उत्तर हे आगगाडीसारखे असते. एक डबा घसरला की मागचे सारे अडकतात.

यावर उपायही सापडला आहे. २०१६ साली अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना तेच ते पुन्हा वाचून अभ्यास करायला लावला, आणि काहींना पुस्तक मिटून आठवण्याचा सराव करायला लावला. मग त्यांना भाषण आणि गणिते देऊन ताण दिला. वाचणाऱ्यांची स्मृती ताणाखाली घसरली, आठवण्याचा सराव केलेल्यांची टिकली. तेव्हा वही पुनःपुन्हा वाचू नका. वही मिटा आणि तोंडाने बोला.

ठराविक प्रश्न, पण उत्तरे आपली

मी काही मुलाखतींचा तज्ज्ञ नाही. पण रोज शेकडो प्रश्न विचारणे हा माझा धंदा आहे, आणि कोणते उत्तर मनापासून आलेले आणि कोणते पढवलेले हे डॉक्टरला लगेच कळते. मुलाखत घेणाऱ्यालाही कळते. प्रश्न बहुधा तेच असतात. प्रत्येकाचे तीन-चार मुद्दे एका चिठ्ठीवर लिहा, वाक्ये लिहू नका.

१. स्वतःविषयी सांगा : दीड-दोन मिनिटे पुरेत. मी कोठला, काय शिकलो व केले, आणि येथे का आलो, एवढे तीन मुद्दे. घरातील सर्वांची नावे व व्यवसाय सांगत बसू नका.

२. तुमची उणीव कोणती? : 'मी फार जास्त मेहनत करतो' हे उत्तर सर्वांनी ऐकलेले आहे. खरी, पण त्या कामाला मारक नसलेली एक उणीव सांगा आणि तिच्यावर काय उपचार चालू आहे तेही सांगा.

३. आम्ही तुम्हालाच का घ्यावे? : जाहिरात पुन्हा वाचा. त्यांना काय हवे आहे त्यापुढे आपल्याकडचा पुरावा ठेवा. 'मी मेहनती आहे' हा पुरावा नव्हे. काय केले ते सांगा.

४. अडचणीतून मार्ग काढल्याचा प्रसंग सांगा : प्रसंग काय होता, माझ्यावर जबाबदारी कोणती होती, मी काय केले, शेवटी काय झाले, या क्रमाने सांगा.

५. पाच वर्षांनी कोठे असाल? : मोठ्या पदाचे नाव घेण्यापेक्षा कोणते काम शिकून घ्यायचे आहे ते सांगा.

६. मध्ये एक वर्ष का गेले? : क्षयरोग, सिकलसेल किंवा घरातील आजारपण यांमुळे वर्ष गेलेली मुले आपल्या विदर्भात बरीच आहेत. लाजू नका आणि लांबवूही नका. 'प्रकृतीच्या कारणाने वर्ष गेले, उपचार घेतले, आता हे काम करू शकतो' एवढे पुरे. सगळी फाईल उघडण्याची गरज नाही. मात्र खोटे कारण सांगू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही माहीत असू द्या.

एखादा प्रश्न आलाच नाही, तर 'हे मला माहीत नाही' असे शांतपणे म्हणावे. अज्ञानापेक्षा थापा अधिक नडतात.

चौथ्या प्रश्नावर माझ्या त्या रुग्णाने वहीत कोणत्या तरी पुस्तकातला प्रसंग उतरवला होता. "तुझ्या घरचं काही सांग ना," मी म्हटले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "रब्बीत शेतातली मोटर जळली होती. दुरुस्तीवाला आठ दिवस लागतील म्हणे. मी त्याच्याकडेच बसून वाइंडिंग शिकलो. मग गावातल्या आणखी दोघांच्या मोटरी भरून दिल्या." मी म्हणालो, "अरे, तू विद्युत शाखेचा विद्यार्थी आणि हे वहीत नाही?" त्यावर त्याचे उत्तर मी विसरलेलो नाही. "थे काय सांगायचं जी? थे तर घरचं काम आहे."

मित्रांनो, बहुतेक मुलांची खरी उत्तरे अशी 'घरच्या कामात' पडून असतात. ती शोधली की पाठ करावी लागत नाहीत. जगलेले विसरत नाही.

पुढचे तीन रविवार रुग्ण आटोपल्यावर मी, माझा कंपाउंडर आणि शेजारचे एक निवृत्त शिक्षक टेबलामागे बसलो. मुलाने दार वाजवून आत यायचे, बसायचे, उत्तरे द्यायची. आम्ही हसायचे नाही. पहिल्या रविवारी त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली. तिसऱ्या रविवारी त्याने कंपाउंडरला मोटरच्या वाइंडिंगमधील तारेची जाडी समजावून सांगितली. आपल्याकडे अशी तीन माणसे नसतील तर मित्रांनी आळीपाळीने परीक्षक व्हावे. मराठीत मुद्दे पक्के करावेत, मग साध्या इंग्रजीत सांगण्याचा सराव करावा. जड शब्दांच्या मागे लागू नये.

गोळीचा मोह

प्रोप्रॅनोलॉल हे उत्तम औषध आहे. ते शोधणारे जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण दमा असलेल्यांना ते घातक ठरू शकते. नाडी मंद असणारे, रक्तदाब कमी असणारे आणि मधुमेहाची औषधे घेणारे यांनाही त्रास होऊ शकतो. अल्प्राझोलामसारख्या शामक गोळ्यांनी गुंगी येते, विचार मंदावतो आणि सवयही लागते. ही दोन्ही औषधे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे.

एक कबुलीही देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वडिलांच्या आग्रहाला बळी पडून मी त्यांच्या मुलीला मुलाखतीच्या आदल्या रात्रीसाठी अशी शामक गोळी लिहून दिली होती. तिने ती रात्रीऐवजी सकाळी घेतली. मुलाखतीत ती शांत होती, इतकी शांत की प्रश्न दोनदा विचारावे लागले. चूक माझी होती. तेव्हापासून मुलाखतीसाठी म्हणून मी गोळी लिहीत नाही.

आदला दिवस आणि ती सकाळ

१. रात्री जागू नका. झोपेत स्मृती पक्की होते. सात तास झोप ही तयारीचाच भाग आहे.

२. सकाळी पोट रिकामे ठेवू नका, पण तर्री-पोह्यांचा मोह त्या दिवशी टाळा. साधे पोहे, उपमा, पोळी-भाजी चालेल. चहा-कॉफी एक कप पुरे. जास्त घेतल्यास धडधड वाढते.

३. नागपूरच्या उन्हात मुलाखत असेल तर अर्धा तास आधी पोचा, सावलीत बसा, पाणी प्या. घामाघूम होऊन आत जाऊ नका.

४. बाहेर बसले असताना श्वास नाकाने सावकाश आत घ्या आणि त्याहून सावकाश बाहेर सोडा. मिनिटाला सहा श्वास, अशी पाच मिनिटे. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते.

५. दमा, मधुमेह, अपस्मार यांची रोजची औषधे त्या दिवशीही चुकवू नका. पंप खिशात ठेवा.

भीती केव्हा आजार?

सहा महिन्यांहून अधिक काळ लोकांसमोर बोलण्याची भीती कायम असेल, तिच्यामुळे मुलगा वर्गात उत्तर देत नसेल, मुलाखतीचे पत्र येऊनही जात नसेल, तर त्याला आळशी म्हणू नका. हा आजार असू शकतो आणि समुपदेशनाने, गरज पडल्यास औषधाने तो बरा होतो. मेडिकल आणि मेयो या दोन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करून विनामूल्य बोलता येते. पालकहो, मुलाखत देऊन आलेल्या मुलाला दारातच 'काय झालं?' असे विचारू नका. आधी जेवू घाला.

तो मुलगा पुढे दोन मुलाखतींना गेला. पहिल्या ठिकाणी निवड झाली नाही. पंपाची चिठ्ठी नव्याने घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "नाही झालं जी. पण गाडी कुठं अडली नाही." दुसरीचा निकाल मला त्याच्या वडिलांनी फोनवर सांगितला. आधी त्यांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली, पावसाची केली, सोयाबीनची सांगितली आणि मग हळूच म्हणाले, "पोट्टा लागला कामाले."