एमएच १९ चा हात, परदेशातलं स्टिअरिंग

जळगावात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. पूर्वी कॉलेजची पोरं यायची, आता त्यांचे आईवडीलही येतात. मुलगा डॅलसला, मुलगी दुबईला. ‘सर, पोरांना सुट्टी नसते, तिकडे भाड्यानं गाडी घेऊन आम्हीच फिरू म्हणतो.’ मग पहिला प्रश्न कागदाचा येतो. माझ्या मते तोच सगळ्यात सोपा.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्याच आरटीओत मिळतं, जळगावकरांना एमएच १९ च्या, धुळेकरांना एमएच १८ च्या. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फी हजार रुपये. मुदत एक वर्षाची. मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर परमिटही त्याच दिवशी संपतं. हे काही वेगळं लायसन्स नव्हे, आपल्या लायसन्सचं तिकडच्या पोलिसाला वाचता येईल असं रूप. म्हणून मूळ कार्ड घरच्या कपाटात ठेवून निघालात तर परमिटचा उपयोग शून्य.

ते सगळीकडे चालतं असंही नाही. भारताचं परमिट १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार निघतं. जपान ते मानतो. व्हिएतनाम १९६८ च्या करारावरचंच मानतो, म्हणून आपलं तिथे बाद. चीन कुठलंच मानत नाही. थायलंड, बालीला स्कूटर घेणाऱ्या तरुणांनी आपल्या लायसन्सवर दुचाकी आहे का ते आधी बघावं. फक्त चारचाकीचं लायसन्स असेल तर अपघातानंतर प्रवासविमा कंपनी हात वर करते. दुकानदार अनामत म्हणून पासपोर्ट मागतो, तो देऊ नका. रोख ठेवा, नाहीतर दुसरं दुकान बघा.

खरी अडचण सवयीची. आपल्या एरंडोल-पारोळा रस्त्यावर समोरच्यानं डिपर मारला म्हणजे ‘मी येतोय, तू थांब’. इंग्लंडमध्ये तोच डिपर बहुतेक वेळा ‘तुम्ही जा’ म्हणून मारतात. दोघांनी उलटा अर्थ घेतला की बॉनेट गेलंच. तिथल्या सरकारी नियमपुस्तकातही डिपरवर विसंबू नका असंच लिहिलंय.

चौफुलीवर आपण नाक घुसवून वाट काढतो. अमेरिकेत ‘स्टॉप’ची पाटी असली की रस्ता रिकामा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. पिवळ्या स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर मागचा थांबतोच, मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यानंही थांबायचं. आणि पोलिसानं अडवलं तर? इथे आपण लगेच उतरतो, कागद घेऊन ‘साहेब, साहेब’ करत जातो. तिथे गाडीतून उतरणं हाच धोका. काच खाली करायची, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे आणि तो सांगेल तेव्हाच कागदाला हात घालायचा. हे मी प्रत्येकाकडून बसल्या जागी दोनदा करून घेतो. हसतात, पण करतात.

उजवीकडून चालण्याची लोकांना फार भीती. भर रहदारीत चूक होत नाही, पुढच्याच्या मागे गेलं की झालं. चूक होते पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर किंवा पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना. एक खूण सांगतो: ड्रायव्हरचं अंग नेहमी रस्त्याच्या मध्यरेषेकडे. जळगावात तेच, डॅलसलाही तेच. शिवाय ऑटोमॅटिकच मागा. उजव्या हातानं गिअर टाकायची कसरत या वयात कशाला?

दुबईत मर्यादेपेक्षा ताशी २० किलोमीटरपर्यंत सूट मिळते, हे ऐकून अबू धाबीत कुणी तेच करू नये. तिथे २०१८ पासून पाटीवरचा आकडा म्हणजे आकडा. इटलीत जुन्या शहरांच्या आत परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही. नेलीत तर कॅमेरा टिपतो आणि दंड काही महिन्यांनी जळगावच्या पत्त्यावर येतो. गाडी देणारी कंपनी आपला आकार कार्डावरून वेगळा कापते.

काउंटरवर क्रेडिट कार्ड लागतं, तेही चालवणाऱ्याच्याच नावाचं. डेबिट कार्ड बरेच जण घेत नाहीत. विम्यात ‘एक्सेस’ किती, म्हणजे नुकसान झालं तर आपल्या खिशातून किती जाणार, हा आकडा विचारल्याशिवाय सही करू नका. किल्ली घेतल्यावर गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. चाकांच्या रिमा, काच, छप्पर, पेट्रोलचा काटा, सगळं.

शेवटचं सांगणं आपल्याकडच्यांसाठी खास. आपला प्रवास विमानात सुरू होत नाही, रात्रीच्या रेल्वेनं मुंबई गाठण्यापासून होतो. पुढे अमेरिका म्हणजे आणखी जवळजवळ एक दिवस. उतरल्या उतरल्या विमानतळावरून गाडी घेऊ नका. पोराला न्यायला बोलवा, रात्रभर झोपा, गाडी दुसऱ्या दिवशी घ्या. एका दिवसाचं भाडंही वाचेल.